शेवटच्या बोटीनंतरचं बेट

रविवार संध्याकाळची पाचची बोट. धक्क्यावरच्या रांगेचं शेपूट चढावाच्या वळणापलीकडे गेलेलं. उन्हानं रापलेले चेहरे, वाळूनं भरलेल्या चपला, पेंगुळलेली पोरं, कुणाच्या खांद्यावर ओला टॉवेल. मी रांगेत बराच पुढे होतो, कारण चारलाच येऊन नंबर लावला होता. खलाशी फळीच्या तोंडाशी उभा राहून डोकी मोजत होता. माझ्यानंतर पंधरा-वीस जण आत घेतले आणि त्यानं हात आडवा केला. "झाली, भरली. पुढच्या बोटीनं या." तेवढ्यात रांगेच्या बाजूनं एक मुलगी आली. पाठीवर दप्तर, हातात कपड्यांची पिशवी. ती रांगेत उभी राहिली नव्हती. तिला त्याची सवय नसावी, कारण आठवड्याचे इतर दिवस त्या धक्क्यावर रांग लागतच नाही. खलाशी तिला नावानं ओळखत होता. त्यानं तिच्याकडे पाहिलं, बोटीकडे पाहिलं आणि मान हलवली. सोमवारी सकाळी तिचं कॉलेज, शहरात. पुढची बोट साडेसहाची. दप्तर पायाशी ठेवून ती कठड्यावर बसली आणि आमची बोट सुटली. मला खिडकीची जागा मिळाली होती. फोटोही चांगले आले.

महानगराच्या अंगाला लागून असलेल्या शांत बेटांवर एका दिवसाची सहल करावी की नाही, हा वाद निघाला की तो हटकून पर्यटकाच्या वागणुकीवर येऊन थांबतो. कचरा करू नका, स्पीकर लावू नका, घरट्यांजवळ जाऊ नका. सगळं मान्य. पण त्या रविवारी रांगेतला एकही माणूस वाईट वागलेला मला दिसला नाही. कुणी घुसाघुशी केली नाही. माझ्या पुढच्या कुटुंबानं तर दुसऱ्यांनी टाकलेल्या बाटल्याही पिशवीत भरून घेतल्या होत्या. तरी त्या मुलीची बोट गेली ती गेलीच. चारशे सभ्य माणसं धक्क्यावर आली म्हणून बोट काही लांब होत नाही.

तेव्हापासून सहलकऱ्यांना शहाणपण शिकवण्यात मला फारसा रस उरलेला नाही. बेटाला दार एकच असतं, ते म्हणजे धक्का. त्या दारातून दिवसाला किती माणूस आत येणार हे बोटी ठरवतात, आणि बोटी किती सोडायच्या हे शहरातल्या कुठल्याशा कचेरीत ठरतं. बेटाचा निकाल तिथे लागतो. माझं म्हणणं एवढंच की दिवसाला किती जागा सोडायच्या हे मोजून ठरवावं, भाडं चढवून गर्दी हटवण्याच्या भानगडीत पडू नये, आणि मोजलेल्या जागांतल्या पहिल्या जागा बेटावर राहणाऱ्यांच्या असाव्यात.

यावर पहिला आक्षेप ठरलेला. बेट काय तिथल्या चार घरांच्या मालकीचं आहे का? खुराड्यात राहणाऱ्या माणसानं आठवड्यातून एक दिवस मोकळी हवा खाऊ नये? हा आक्षेप मी हलका मानत नाही. ज्याला लांबचा प्रवास परवडत नाही, त्याला तासाभरात बोटीनं गाठता येणारं बेट हीच चैन असते. सकाळी जायचं, रात्री घरी. हॉटेलचा खर्च नाही, रजा टाकायला नको. एका दिवसाची सहल हा बेताच्या मिळकतीचा प्रवास आहे, आणि तिच्याकडे पाहून नाकं मुरडणारे बहुतेक वेळा दोन रात्री राहायला जाणारे असतात.

शिवाय ज्या शांततेसाठी आपण जातो तिचा इतिहासही फारसा रम्य नाही. शहराला जे डोळ्यांसमोर नको होतं ते त्यानं पाण्यापलीकडे नेऊन ठेवलं. केपटाउननं रॉबेन बेटावर कुष्ठरोगी ठेवले, मनोरुग्ण ठेवले, कैदी ठेवले. नेल्सन मंडेलांच्या तुरुंगवासाच्या २७ वर्षांपैकी १८ वर्षं तिथे गेली. न्यूयॉर्क १८६९ पासून बेवारस आणि गरीब मृतांना हार्ट बेटावर पुरत आलं, आणि तो आकडा दहा लाखांच्या पुढे गेला. इस्तंबूलजवळच्या बेटांवर बायझंटाइन काळात पदच्युत राजघराण्यातली माणसं धाडली जात, काहींचे डोळे फोडून. त्या बेटांना आज 'राजपुत्रांची बेटं' म्हणतात तेव्हा ऐकायला मोठं छान वाटतं.

पर्थजवळच्या रॉटनेस्ट बेटाची गोष्ट तर अंगावर येते. क्वोका नावाच्या हसऱ्या तोंडाच्या चिमुकल्या प्राण्याबरोबर सेल्फी काढायला लोक तिथे जातात. १८३८ पासून जवळजवळ शतकभर ते आदिवासींसाठीचं तुरुंगबेट होतं. सुमारे ३,७०० आदिवासी पुरुष आणि मुलगे तिथे कोंडले गेले, किमान ३७३ जण तिथेच पुरले गेले. त्या दफनभूमीच्या जागेवर पुढे तंबू ठोकण्याचं मैदान झालं, आणि ते २००७ पर्यंत चालू होतं. तुरुंगाच्या इमारतीत पाहुण्यांच्या खोल्या काढल्या होत्या, त्या २०१८ साली बंद झाल्या. सुट्टीला आलेल्या किती कुटुंबांनी तिथे सतरंज्या अंथरल्या असतील, खाली काय आहे हे न कळता. जाहिरातीत 'निवांत बेट' असं वाचलं की मला आता हे मैदान आठवतं.

म्हणजे बेटवासीयांची बाजू घेताना बेट हे काही आदिम, अस्पर्श नंदनवन होतं अशी समजूत करून घ्यायची गरज नाही. शहराचा आणि बेटाचा व्यवहार जुना आहे आणि त्यात शहराचंच पारडं कायम जड राहिलं आहे. पूर्वी शहर नको असलेली माणसं पाठवायचं, आता सुट्टीच्या दिवशी सगळीच माणसं पाठवतं.

दिवसभराच्या गर्दीनं बेट कसं थकतं, हे धक्क्यावरून दिसत नाही. पाणीच घ्या. वाळूच्या किंवा सच्छिद्र खडकाच्या बेटावर पावसाचं पाणी जमिनीत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, भिंगासारखा फुगीर थर करून. गोडं पाणी हलकं, खारं जड, एवढ्याच फरकावर हा सगळा डोलारा उभा. सर्वसाधारण हिशेब असा की समुद्रपातळीच्या वर एक मीटर गोडं पाणी असेल तर खाली सुमारे चाळीस मीटर असतं. ऐकायला भरपूर वाटतं. पण गणित उलटंही चालतं. विहिरीतून उपसा करून वरची पातळी हातभर खाली नेली की खालून खारं पाणी कित्येक हात वर सरकतं. पंप ओढत राहिला की एक दिवस बादलीला मचूळ चव येते, आणि ती जायला कैक पावसाळे लागतात. आता विचार करा, दोनशे वस्तीच्या बेटावर दुपारी बारा ते चार या वेळात दोन हजार माणसं स्वच्छतागृह वापरतात, हातपाय धुतात. टाकी, पंप, मैल्याची व्यवस्था हे सगळं त्या चार तासांच्या मापानं बांधावं लागतं आणि उरलेले वीस तास दोनशे लोकांनी पोसावं लागतं. कचऱ्याचंही तेच. बेटावर 'बाहेर टाकणं' असा प्रकार नसतो. जे आलं ते परत बोटीनंच न्यायचं, आणि ती बोट कुणीतरी भाड्यानं लावायची.

दिवसाच्या पाहुण्याला यातलं काही दिसत नाही, कारण तो दिवसाचा पाहुणा असतो. घारापुरी पाहा. तिथली लेणी १९८७ साली जागतिक वारसा यादीत गेली. जगभरातून माणसं येत राहिली, बोटी भरभरून जात राहिल्या. आणि मुंबईच्या किनाऱ्यावरून उघड्या डोळ्यांनी दिसणाऱ्या त्या बेटावरच्या राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर या वस्त्यांना नियमित वीज मिळाली ती २०१८ साली, समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल टाकल्यावर. इतकी वर्षं इतक्या डोळ्यांनी ते बेट पाहिलं, पण शेवटच्या बोटीनंतर तिथे अंधार पडतो हे कळायला शेवटच्या बोटीनंतर तिथे असावं लागतं. सगळे परतलेले असायचे.

बरं, मग करायचं काय? सगळ्यात सोपा आणि कचेऱ्यांना सगळ्यात आवडणारा उपाय म्हणजे शुल्क. व्हेनिसनं २०२४ च्या एप्रिलपासून ठरावीक दिवशी दिवसभरासाठी येणाऱ्यांवर पाच युरो प्रवेश शुल्क बसवलं. पुढच्या वर्षी दिवस वाढवले आणि ऐनवेळी नोंदणी करणाऱ्याला दुप्पट केलं. व्हेनिसचं दुखणं खरं आहे. १९५० च्या सुमारास जुन्या शहरात पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं राहत होती, २०२२ मध्ये ती पन्नास हजारांच्या खाली गेली. पण पाच युरोनं कोण थांबणार? हजारो मैलांवरून विमानानं आलेला माणूस तर नाहीच. थांबला तर शेजारच्या गावातला, चार जणांचं कुटुंब घेऊन येणारा थांबेल. आणि शुल्क खरंच गर्दी थांबेल इतकं चढवलं, तर शांतता ही श्रीमंतांनी विकत घ्यायची वस्तू होते. शुल्कात आणखी एक मेख आहे. पैसे गोळा व्हायला लागले की ते गोळा करणाऱ्याला गर्दी हवीहवीशी वाटू लागते.

हाँगकाँगला लाम्मा, च्यूंग चाऊ या बेटांकडे जाणाऱ्या बोटींचं रविवारचं भाडं इतर दिवसांपेक्षा जास्त असतं. तेवढा फरक मला चालेल. त्यानं कुणी अडत नाही आणि कंपनीच्या गल्ल्यात चार पैसे जास्त पडतात. फक्त ते पैसे कुठे जातात हे विचारायला हवं, त्याबद्दल पुढे बोलतो.

जागा मोजण्याची पद्धत काही हवेतली कल्पना नाही. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर तुलाँ शहराजवळ पोर्कुरोल नावाचं बेट आहे. कायम राहणारे काहीशे, उन्हाळ्यातली गर्दी हजारोंची. २०२१ च्या उन्हाळ्यापासून तिथे दिवसाला ६,००० पाहुण्यांची मर्यादा घातली गेली आणि ती बोटवाल्यांमार्फत पाळली जाते. बेटावर पहारेकरी उभे करावे लागत नाहीत, कुणाचं ओळखपत्र तपासावं लागत नाही. तिकिटं संपली की संपली. ज्याला आज मिळालं नाही त्याला उद्या मिळेल, आणि श्रीमंताला आणि गरिबाला एकाच खिडकीवर तेच उत्तर मिळतं.

आणि मोजून आलेला पाहुणा बेटाचं भलंही करतो, याचं मला सापडलेलं सगळ्यात सुंदर उदाहरण ऑकलंडजवळचं आहे. तिरितिरी मातांगी. शतकाहून अधिक काळ गुरं-मेंढ्या चारून बेट पार बोडकं झालं होतं. १९८४ ते १९९४ या दहा वर्षांत स्वयंसेवकांनी तिथे अडीच लाखांहून अधिक झाडं लावली. त्यातले कितीतरी जण शहरातून सकाळच्या बोटीनं आलेले, दिवसभर खड्डे खणून संध्याकाळी घरी गेलेले. म्हणजे सहलकरीच. १९९३ मध्ये तिथले उंदीर संपवले, मग एकेक करून दुर्मीळ पक्षी आणून सोडले. ताकाहे हा पक्षी तर एके काळी नामशेष झाला असंच धरून चालले होते. आज तो तिथे गवत खुडत पाहुण्यांच्या पायांजवळून चालत जातो. बोटीत चढण्याआधी बुटांचे तळवे घासायचे, पिशव्या तपासायच्या, डबा घट्ट झाकणाचा हवा, कारण पिशवीत दडून आलेला एक उंदीर सगळ्यावर पाणी फिरवू शकतो. लोक हे निमूट करतात. चिडचिड होत नसावी, कारण चढणारी माणसं मोजकी असतात आणि कशासाठी चाललंय हे त्यांना समजावून सांगायला कुणाकडे तरी वेळ असतो. हजाराच्या रांगेत हे जमणार नाही.

मर्यादा न घालता नुसती व्यवस्था सुधारत राहिलं की काय होतं, ते इस्तंबूलच्या बेटांवर दिसलं. त्या बेटांवर खासगी मोटारींना बंदी. पाहुण्यांना फिरवायला घोडागाड्या होत्या. दीड कोटींच्या शहरातून येणारी गर्दी वाढली तसे घोडे चढावावर मरेस्तोवर जुंपले जाऊ लागले. शेवटी घोड्यांत ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगाची साथ आली, शंभराहून अधिक घोडे मारले गेले आणि २०२० मध्ये घोडागाड्या बंद होऊन विजेवरची वाहनं आली. घोडे सुटले, हे चांगलंच झालं. पण पुढे २०२४ मध्ये त्याहून मोठ्या मिनीबस आणल्या तेव्हा तिथलेच रहिवासी त्यांच्यासमोर आडवे उभे राहिले. गर्दीचं माप कुणी ठरवलं नाही, त्यामुळे गर्दी वाहणाऱ्या गाडीचं माप वाढत गेलं. हेलसिंकीजवळच्या सुओमेनलिन्ना किल्ल्याच्या बेटांवर आठशेच्या आसपास माणसं राहतात आणि वर्षाला दहा लाखांच्या घरात पाहुणे येतात. तिथे एक निळी वाट आखून दिली आहे, धक्क्यापासून किल्ल्याच्या टोकापर्यंत. बहुतेक गर्दी त्या वाटेनंच जाते, घरांच्या अंगणातून शिरत नाही. साधी युक्ती आहे आणि मला आवडते. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की तिथली बोट शहराच्या बस-ट्रामच्याच तिकिटावर चालते, बारा महिने. बेटावर राहणाऱ्याची बोट आणि पाहुण्याची बोट यांत 'हंगाम' हा शब्द येत नाही.

दुकानदारांचं काय, असं विचारलं जातं. गर्दी कमी तर धंदा कमी. थोडा होईल, खोटं कशाला बोला. पण दिवसाच्या गर्दीतला मोठा भाग घरून डबा-पाणी घेऊन आलेला असतो आणि दुपारच्या दोन तासांत दुकानात जेवढी माणसं मावतात तेवढ्यांनाच विकता येतं. रविवारची गर्दी मंगळवार-बुधवारवर पसरली तर दुकानदाराला आठवड्यात दोनऐवजी पाच दिवस गिऱ्हाईक दिसेल. दुसरी अडचण जास्त खरी आहे. आगाऊ नोंदणी म्हटली की ज्याच्या हातात फोन आणि डोक्यात पुढच्या महिन्याचा बेत, त्याचंच फावतं. ज्याला शनिवारी रात्री कळतं की उद्या सुट्टी आहे, तो बाहेर. यावर माझ्याकडे एकच उपाय आहे आणि तो जुनाट आहे: निम्म्या जागा सकाळी खिडकीवरच विकाव्यात, रांगेत. रांग सगळ्यांना सारखीच कंटाळवाणी असते. खासगी लाँचवाले आणि स्पीडबोटी मात्र या मोजणीत धरल्याच पाहिजेत, नाहीतर पुढच्या दाराला कुलूप आणि मागचं सताड उघडं, असं होईल.

राहणाऱ्यांना पहिला हक्क कशासाठी, याचं उत्तर टोरंटोनं फार महागात शोधलं. १९५० च्या दशकात तिथल्या शासनाला वाटलं की शहरासमोरची बेटं सगळ्यांसाठी बाग व्हावीत. हेतू वाईट नव्हता. घरं पाडली, दुकानं पाडली, गल्ल्याच्या गल्ल्या पुसल्या. वॉर्ड्स आणि अल्गोंक्विन या दोन बेटांवरचे लोक हटेनात. १९८० मध्ये घरं खाली करवायला अधिकारी आले तेव्हा रहिवासी पुलावर उभे राहिले. १९९३ मध्ये कायदा होऊन ती २६२ घरं राहिली, ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर, आणि घर बाजारभावानं विकता येणार नाही, प्रतीक्षायादीतल्या माणसालाच द्यावं लागेल, अशा अटीवर. बाग आजही सगळ्यांचीच आहे. तिथे जाणाऱ्या तीन धक्क्यांपैकी बर्फाच्या दिवसांत दोन बंद असतात. चालू राहतो तो माणसं राहतात तिथला. तिथे वस्ती उरली नसती तर हिवाळ्यात तिकडे बोट जायला कारणच राहिलं नसतं.

आता ते पैशांचं. बोटीचा धंदा करणाऱ्याला रविवार हवा असतो आणि भर पावसाळ्यातला किंवा थंडीतला मंगळवार नको असतो. हंगाम संपला की फेऱ्या कमी होतात, मग संध्याकाळची शेवटची फेरी जाते, मग 'तांत्रिक कारणामुळे' सकाळचीही. शाळामास्तर बदली मागतात, म्हातारी माणसं मुलांकडे शहरात जातात. गर्दीनं बेटं गजबजतात, पण ती रिकामी होतात ती हंगामाबाहेर. परवाना देताना रविवारच्या दहा भरलेल्या फेऱ्या आणि मंगळवारची एक रिकामी फेरी एकाच गाठोड्यात बांधून द्यावी, सुटी विकू नये. रविवारचं जास्तीचं भाडं जायचंच असेल तर तिथे जावं.

सुरुवातीला सांगितलेल्या त्या मुलीच्या बेटावर मी नंतर एकदा मुद्दाम अशाच एका मंगळवारी गेलो, हंगाम संपल्यावर. सकाळची पहिली बोट. खलाशी तोच. आम्ही सात जण होतो. पेपरचा गठ्ठा, औषधांचा एक खोका, कुणाच्या तरी दुरुस्त होऊन चाललेल्या मिक्सरचं भांडं. मधल्या प्रवासात एक बाई शेजारणीला सून कशी आहे ते सविस्तर सांगत होत्या आणि बाकीचे पाच जण ऐकत नसल्याचं दाखवत होतो. मागच्या बाकावर पाठीच्या फळीवर खडूनं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: 'बेटावरचे'. मी खलाशाला विचारलं, हे कधी? म्हणाला, "रविवारपुरतं. मीच लिहितो. सहा जागा. मालकाला माहीत नाही अजून." त्या दिवशी त्या बाकावर सिमेंटच्या चार गोण्या होत्या.